अमेरिकेतील सॉकर आणि आपल्या गावची मुले

गेल्या काही वर्षांतील हिवाळ्यातली गोष्ट. सौंसरकडील एक वृद्ध गृहस्थ आपल्या नऊ वर्षांच्या नातवाला घेऊन माझ्या दवाखान्यात आले. मुलाचा घोटा मुरगळला होता. सोबत मुलाचे वडीलही होते. नोकरीच्या निमित्ताने ते अमेरिकेत स्थायिक झालेले आणि सुट्टीत सहकुटुंब गावी आलेले. घोटा तपासता तपासता मी मुलाला विचारले, ‘‘तिकडे कोणता खेळ खेळतोस?’’ तो म्हणाला, ‘‘सॉकर.’’ आजोबांनी प्रश्नार्थक नजरेने पाहिले. वडिलांनी खुलासा केला, ‘‘सॉकर म्हणजे आपला फुटबॉल, बाबा. तिकडचा फुटबॉल वेगळा. त्यात डोक्याला मार लागतो, म्हणून आम्ही याला सॉकरला घातले.’’ त्यावर आजोबा गंभीर चेहऱ्याने म्हणाले, ‘‘म्हणजे फुटबॉल नको म्हणून तुम्ही याला फुटबॉल खेळायला पाठवता!’’

आम्ही सारे हसलो. मात्र त्या पित्याच्या साध्या वाक्यात अमेरिकेच्या क्रीडाजीवनातील एका मोठ्या बदलाचे बीज आहे, आणि त्या बदलात पांढुर्णा-सौंसरच्या आपल्या समाजासाठीही एक धडा आहे, असे मला नंतर वाटू लागले. आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी लेख लिहिण्याची सूचना आली तेव्हा हाच विषय घेण्याचे ठरविले.

एक नाव, दोन खेळ

प्रथम नावाचा घोळ दूर करू. १८६३ साली इंग्लंडमध्ये फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली आणि पायाने खेळावयाच्या या खेळाचे नियम निश्चित झाले. हातात चेंडू घेऊन धावण्याचा रग्बी हा प्रकार वेगळा राहिला. दोहोंत फरक करता यावा म्हणून ‘असोसिएशन’ या शब्दातील मधली अक्षरे घेऊन इंग्रज विद्यार्थ्यांनी ‘सॉकर’ हा शब्द घडविला. म्हणजे हा शब्द मूळचा अमेरिकन नव्हे. तो इंग्लंडमध्ये जन्मला आणि अमेरिकेत टिकला. कारण अमेरिकेत ‘फुटबॉल’ हे नाव रग्बीपासून निघालेल्या दुसऱ्याच खेळाने आधी घेतले होते. त्या खेळात शिरस्त्राण व खांद्यांवर जाड गाद्या बांधलेले धिप्पाड खेळाडू एकमेकांवर धडकून प्रतिस्पर्ध्याला जमिनीवर पाडतात. तो अमेरिकेचा सर्वांत लाडका खेळ. त्याच्या जोडीला बेसबॉल व बास्केटबॉल. या तिघांच्या गर्दीत सॉकरला दीर्घकाळ परक्या देशांतून आलेल्या लोकांचा खेळ म्हणूनच ओळखले गेले.

रोपटे कसे रुजले

अमेरिकेला हा खेळ अगदी अपरिचित होता असे नाही. १९५० च्या विश्वचषकात ब्राझीलमधील बेलो होरिझोंते येथे अमेरिकेच्या हौशी संघाने बलाढ्य इंग्लंडला १-० असे हरविले होते. परंतु मायदेशी त्याचे फारसे कौतुक झाले नाही. पुढे १९७५ साली न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघाने पेलेला करारबद्ध केले. हाच कॉसमॉस संघ सप्टेंबर १९७७ मध्ये कोलकात्यात येऊन ईडन गार्डन्सवर मोहनबागानशी खेळला आणि सामना २-२ असा बरोबरीत सुटला, हे आपल्यापैकी ज्येष्ठांना आठवत असेल. एवढा गाजावाजा होऊनही पेले निवृत्त झाल्यावर तेथील व्यावसायिक लीग ओसरत गेली आणि १९८४ च्या हंगामानंतर बंद पडली. केवळ मोठा खेळाडू आणला म्हणून खेळ रुजत नाही, हा त्याचा अर्थ.

तो रुजला तो खालून, मुलांच्या मैदानांवर. १९६४ साली कॅलिफोर्नियात मुलांसाठी एक सॉकर संघटना सुरू झाली. ‘प्रत्येक मूल खेळेल’ हे तिचे तत्त्व होते. निवडलेल्या अकरा जणांनी खेळावे आणि उरलेल्यांनी टाळ्या वाजवाव्यात, हे तिला मान्य नव्हते. १९७२ साली शिक्षणसंस्थांत मुलींना समान संधी देणारा कायदा झाला. १९७१-७२ मध्ये तेथील माध्यमिक शाळांतून सॉकर खेळणाऱ्या मुलींची संख्या ७०० च्या आसपास होती. २०१८-१९ मध्ये ती सुमारे ३ लाख ९४ हजार झाली. अमेरिकेच्या महिला संघाने १९९१, १९९९, २०१५ व २०१९ असे चार वेळा विश्वविजेतेपद मिळविले, त्याच्या मुळाशी ही शाळकरी मैदाने आहेत.

१९९४ साली पुरुषांचा विश्वचषक अमेरिकेत झाला. त्याला सुमारे ३६ लाख प्रेक्षक लाभले. तोवरच्या कोणत्याही विश्वचषकापेक्षा अधिक. १९९६ मध्ये दहा संघांची नवी व्यावसायिक लीग सुरू झाली आणि २०२५ मध्ये तिची संघसंख्या तीसवर पोहोचली. दरम्यान लॅटिन अमेरिकेतून आलेल्या कुटुंबांनी आपल्या खेळाचे वेड सोबत आणले. २०२३ मध्ये मेस्सी मायामीच्या संघात दाखल झाला. २०२६ च्या विश्वचषकाचे यजमानपद अमेरिका, कॅनडा व मेक्सिको या तीन देशांना संयुक्तपणे देण्यात आले आणि संघांची संख्या प्रथमच ४८ ठरविण्यात आली.

पालकांचा कौल

येथवरचा भाग क्रीडासमीक्षकांचा. आता आपल्या व्यवसायाशी संबंधित भागाकडे वळू.

२००२ साली पिट्सबर्ग येथे डॉ. बेनेट ओमालू या विकृतिशास्त्रज्ञाने माइक वेब्स्टर या निवृत्त फुटबॉलपटूचे शवविच्छेदन केले. वेब्स्टर पन्नाशीतच मानसिकदृष्ट्या पूर्णपणे ढासळला होता. डॉ. ओमालू यांना त्याच्या मेंदूत टाऊ प्रथिनाचे असाधारण साठे आढळले. मुष्टियोद्ध्यांमध्ये पूर्वीपासून ठाऊक असलेली ही विकृती, म्हणजेच क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी, फुटबॉलपटूतही आढळते हे २००५ साली वैद्यकीय नियतकालिकातून प्रसिद्ध झाले. २०१७ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील एका अभ्यासात, सर्वोच्च व्यावसायिक स्तरावर खेळलेल्या १११ मृत खेळाडूंपैकी ११० जणांच्या मेंदूत ही विकृती असल्याचे नोंदविले गेले. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हे मेंदू ज्यांना आधीच शंका होती अशा कुटुंबांनी दान केलेले होते. त्यामुळे या आकड्यावरून सर्व खेळाडूंतील प्रमाण काढता येत नाही. तथापि पालकांच्या मनावर जो परिणाम व्हायचा तो झाला.

तेथील माध्यमिक शाळांत अमेरिकन फुटबॉल खेळणारी मुले २००८-०९ मध्ये सुमारे ११ लाख होती. दहा वर्षांनंतर ती सुमारे १० लाखांवर आली. कोणी बंदी घातली नाही, मोर्चा काढला नाही, त्या खेळाची निंदाही केली नाही. रविवारी दूरदर्शन संचापुढे बसून तोच खेळ आवडीने पाहणाऱ्या अनेक पित्यांनी स्वतःच्या मुलाला मात्र दुसऱ्या मैदानावर नेऊन सोडले. शनिवारी सकाळी मुलांना मोटारीत घालून सॉकरच्या मैदानावर पोहोचविणाऱ्या आयांना तर ‘सॉकर मॉम’ असे नावच पडले आणि १९९६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत मतदारांचा एक वर्ग म्हणून त्यांची चर्चा झाली.

आता दुसरी बाजू. गॅलप संस्थेने २०१७ मध्ये ‘पाहण्यास सर्वांत आवडता खेळ कोणता’ असे विचारले तेव्हा ३७ टक्के अमेरिकनांनी फुटबॉल, ११ टक्क्यांनी बास्केटबॉल, ९ टक्क्यांनी बेसबॉल आणि ७ टक्क्यांनी सॉकर असे उत्तर दिले. म्हणजे सॉकर बेसबॉलच्या जवळ पोहोचला, पण फुटबॉलचे सिंहासन जागचे हललेले नाही. मला हीच बाब सर्वांत बोधप्रद वाटते. समाज आपला लाडका खेळ पाहणे सहसा सोडत नाही. तो प्रथम आपली मुले त्यातून हळूच काढून घेतो.

सॉकरही निर्दोष नाही

बालरोगतज्ज्ञ या नात्याने हेही सांगितले पाहिजे की सॉकर म्हणजे संपूर्ण सुरक्षितता नव्हे. डोक्याने चेंडू मारणे हा त्यातील चिंतेचा भाग. पूर्ण आकाराच्या चेंडूचे वजन ४१० ते ४५० ग्रॅम असते, तर लहान मुलाची मान दुबळी आणि डोके शरीराच्या मानाने मोठे असते. २०१५ मध्ये अमेरिकेच्या सॉकर महासंघाने दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना डोक्याने चेंडू मारण्यास मनाई केली आणि ११ ते १३ वयोगटासाठी सरावात मर्यादा घातली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडमधील अभ्यासात माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंचे मेंदूच्या ऱ्हासजन्य विकारांनी होणारे मृत्यू सामान्य लोकांच्या सुमारे साडेतीन पट आढळले. त्याच खेळाडूंत हृदयविकार व फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू मात्र कमी होते. एकाच अभ्यासात खेळाचे दान आणि खेळाची किंमत अशी शेजारी शेजारी मांडलेली क्वचितच दिसते.

मुलींमध्ये वयात येताना गुडघ्याच्या अस्थिबंधाला इजा होण्याचे प्रमाण मुलांपेक्षा अधिक असते. योग्य पूर्वव्यायामाने ते बरेच कमी करता येते. शिवाय सॉकर लोकप्रिय झाल्यावर अमेरिकेत त्याचा व्यापारही झाला. भरमसाठ शुल्क घेणारे क्लब निघाले, आठव्या-नवव्या वर्षापासून बारमाही एकच खेळ लादला जाऊ लागला आणि अतिवापराच्या दुखापती वाढल्या. बारा-तेरा वर्षांपर्यंत मुलाने अनेक खेळ खेळावेत, एकाच खेळात जुंपले जाऊ नये, हेच बालआरोग्याच्या दृष्टीने हिताचे आहे.

जाम नदीच्या काठी

सुज्ञ वाचकांच्या मनात प्रश्न आला असेल, की पांढुर्ण्याच्या डॉक्टरला अमेरिकेच्या मैदानाची एवढी उठाठेव कशाला? त्याचे उत्तर माझ्या डाव्या भुवईवर आहे.

पोळ्याचा दुसरा दिवस. नागपूरकडे त्या दिवशी मुले लाकडी नंदीबैल सजवून तान्हा पोळा साजरा करतात. आपल्याकडे जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, त्याला झेंडा बांधला जातो आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन काठांवरून गोटमार सुरू होते. झेंडा चंडीमातेच्या चरणी पोहोचेपर्यंत दगड थांबत नाहीत. दोन गावांतील प्रेमी युगुलाची जी कथा सांगितली जाते, ती येथे पुन्हा सांगण्याची गरज नाही. मी याच गावात वाढलो. सातव्या इयत्तेत असताना मोठ्या मुलांना दगड वेचून देता देता एक दगड भुवईवर बसला. घरी मार मिळाला, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात पट्टी बांधलेला मी एकाएकी थोर झालो. तो मान मी विसरलेलो नाही. म्हणूनच या परंपरेची कुचेष्टा करणाऱ्या बाहेरच्या माणसांशी माझे पटत नाही.

पण त्याच दिवशी दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. आजवर कित्येकांनी प्राण गमावले, कित्येकांचे डोळे गेले. आपल्या मंडळातील सहकाऱ्यांना हे मी सांगायला नको; टाके घालता घालता आपली संध्याकाळ होते. काही वर्षांपूर्वी त्या दिवशी एका दहा वर्षांच्या मुलाच्या कपाळावर मी चार टाके घातले. रागावून विचारले तर म्हणाला, ‘‘मी नाही खेळलो जी, काकाले गोटे देऊन राहिलो होतो.’’ त्याच्या वडिलांना मी बरेच सुनावले. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी त्यांची नजर माझ्या भुवईकडे गेली आणि ते नुसते हसले. पुढच्या वर्षी तोच मुलगा पुन्हा आला, या खेपेस कोपर घेऊन. माझ्या उपदेशाची एका वर्षातील फलश्रुती ही एवढी होती.

प्रशासनाने मनाई हुकूम काढून पाहिले. एकदा दगडांऐवजी रबरी चेंडूही देऊन पाहिले; थोड्याच वेळात हात पुन्हा दगडांकडे वळले. हे का झाले याचा मी पुष्कळ विचार केला. दगडाच्या जागी चेंडू दिला, पण खेळ तोच ठेवला. त्या दिवसाचा, त्या नदीचा, त्या ईर्ष्येचा खेळ चेंडूने कसा खेळावा? अमेरिकेतील पालकांनी नेमके उलट केले. त्यांनी फुटबॉलच्या मैदानावर मऊ चेंडू नेला नाही. त्यांनी मुलांना वर्षभरासाठी दुसरे मैदान दिले, आणि त्यावर दुसऱ्या प्रकारची प्रतिष्ठा मिळेल अशी व्यवस्था केली.

जवळची उदाहरणे

असे आपल्याकडे घडू शकत नाही असे समजण्याचे कारण नाही. कोल्हापूर ही कुस्तीची राजधानी. तेथील पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या मूळच्या तालमी. लाल मातीत वाढलेल्या याच तालमींच्या नावाने फुटबॉलचे संघ उभे राहिले आणि राजर्षी शाहू स्टेडियमवर पेठापेठांची चुरस चेंडूवर खेळली जाऊ लागली. कुस्तीचा मान गेला नाही, तालमीचे नावही पुसले गेले नाही. समर्थकांची भांडणे तेथेही होतात, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. पण त्याच मातीतील अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतातर्फे खेळला.

नागपूर तर आपल्या घरचेच. १९५६ पर्यंत आपण सारे एकाच प्रांतात होतो आणि नागपूर आपली राजधानी होती. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली पावसात काही झोपडपट्टीतील मुलांना फुटक्या बादलीशी फुटबॉलसारखे खेळताना पाहिले. जोवर ती खेळत होती, तोवर इतर कोणत्याही नादापासून दूर होती, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यातून ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. २०२२ च्या ‘झुंड’ या चित्रपटामुळे ही कथा घरोघर पोहोचली. आपल्याच राज्यातील शहडोल जिल्ह्यातील विचारपूर या गावाने घरोघरी फुटबॉलपटू घडविले. २०२३ मध्ये आकाशवाणीवरील ‘मन की बात’मधून त्याचा उल्लेख देशभर गेला. यांपैकी कोणाजवळही मोठे भांडवल नव्हते. एक चेंडू आणि बावीस मुले, हे या खेळाचे अर्थशास्त्र. क्रिकेटमध्ये एक मुलगा फलंदाजी करतो आणि बाकीचे पाळीची वाट पाहत उभे राहतात. येथे सारेच धावतात.

या धावण्याला वैद्यकीय मोल आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलाने रोज सरासरी ६० मिनिटे चांगली दमछाक होईल अशी हालचाल करावी. जगभरातील ११ ते १७ वयोगटातील ८१ टक्के मुले तेवढीही करीत नाहीत. आपल्या तालुक्यांतील संत्र्याच्या बागांत हुंदडणारे मूलही आता शिकवणी आणि मोबाइल यांच्यामध्ये सापडले आहे. वर्षाचे ३६४ दिवस ज्या गावात मुलाला धावायला मैदान आणि गाजवायला पराक्रम मिळत नाही, त्या गावात ते मूल तीनशे पासष्टाव्या दिवशी नदीवर जाणारच.

आपल्या हाती काय

मी समाजसुधारक नाही. गोटमार बंद व्हावी की राहावी याचा निर्णय एका बालरोगतज्ज्ञाने करावयाचा नाही. तो दोन्ही काठांचा आहे. माझी चिंता चौदा वर्षांखालील मुलांपुरती आहे आणि माझी विनंतीही तेवढीच आहे.

आपल्या मंडळाने पांढुर्णा, सावरगाव व सौंसर येथील शाळांना चेंडू द्यावेत. आठ वर्षांखालील मुलांना तीन क्रमांकाचा, आठ ते बारा वर्षांच्या मुलांना चार क्रमांकाचा आणि त्यापुढे पाच क्रमांकाचा चेंडू योग्य ठरतो. दहा वर्षांपर्यंत डोक्याने चेंडू मारू देऊ नये. मुलींचे संघ पहिल्या दिवसापासून असावेत. डोक्याला मार लागून मूल क्षणभर जरी गोंधळले, तरी त्या दिवशी त्याला पुन्हा मैदानात उतरवू नये. शिक्षकांना एवढे शिकविण्यास एक दुपार पुरे. आणि पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात दोन्ही काठांच्या शाळांचा सामना ठरवावा. दोन्ही काठांची ईर्ष्या जुनी आहे, ती विझविण्याची गरज नाही. तिला नव्वद मिनिटे आणि एक पंच द्यावा. लहान मुलांसाठी वीस-वीस मिनिटांचे दोन डावही पुरतील.

माझ्या शाळेत एकच फुटबॉल होता. चामड्याचा, दोरीने आवळलेला. पावसात भिजला की दगडासारखा जड होई आणि शिक्षक तो कपाटात बंद करून ठेवीत. कपाटाची किल्ली त्यांच्याजवळ असे. नदीवरचे दगड मात्र कोणीही कुलपात ठेवलेले नव्हते. आज मागे वळून पाहताना वाटते, माझ्या भुवईवरच्या खुणेचे कारण बहुधा एवढेच असावे.

त्या सौंसरच्या आजोबांचा नातू तीन आठवड्यांनी परत जाण्यापूर्वी घोटा दाखवायला आला. घोटा बरा झाला होता. सोबत आणलेला चेंडू तो बागेतल्या सालदाराच्या मुलांना देऊन चालला होता. आजोबा म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, आता ती पोरं संध्याकाळी घरातच सापडत नाहीत.’’ त्यांच्या स्वरात तक्रार होती. मला मात्र ते ऐकून फार बरे वाटले.